पासंग

९ जानेवारी, गुरुवार

तीन!

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी फोनवर आधी आकडाच सांगितला, आणि मी ऑफिसच्या जिन्यातच खाली बसलो. दहाच्या आत म्हणजे निरोगी. मागच्या उन्हाळ्यात लेकीच्या रक्तात हाच आकडा चौदा हजारांच्या पुढे होता. मग ऑपरेशन झालं, उजवीकडचा गोळा अंडाशयासकट काढला, मग केमोच्या चार फेऱ्या. आकडा निम्मा निम्मा होत खाली आला. जन्मभर लोकांचे वजनकाटे तपासले, पण एखाद्या आकड्यासाठी इतका जीव टांगणीला कधी लागला नव्हता.

शिपाई म्हणाला, "साहेब, लॉटरी लागली का?" म्हटलं, "लागली." प्रमाण वजनांची पेटी आज त्याने एकट्याने उचलली. एरवी कमरेचं कारण सांगतो.

घरी सांगितलं तर बायको शिलाई मशीनवर डोकं टेकून रडली. कापड ओलं झालं म्हणून मग स्वतःवरच चिडली. बिट्टीने टोपी कानांवर ओढली आणि विचारलं, "तीन म्हणजे थोडी आहेच ना अजून?"

अकरा वर्षांची पोर. काय सांगावं! म्हटलं, "अगं, सगळ्यांच्याच रक्तात थोडं असतं. माझ्याही."

"पण तुझ्याकडे कुठे पाहुणी आली होती?"

पाहुणी हे नाव तिनेच ठेवलंय. अगदी सुरुवातीला डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं — रक्तातलं हे प्रथिन पोटातल्या बाळाच्या अंगात तयार होतं. जन्मतः हजारोंनी असतं, मूल मोठं होईल तसं आटत जातं. काही गोळे ते पुन्हा तयार करायला लागतात, म्हणून नुसत्या रक्तावरून त्यांचा माग लागतो. आम्ही दोघं माना डोलवत होतो. बिट्टी एकदम म्हणाली, "म्हणजे माझ्या पोटात कुणीतरी बाळ व्हायला निघालं होतं?" बाई म्हणाल्या, नाही गं राणी, तसं नाही. पण पोरीने डोक्यात घेतलं ते घेतलं. न बोलावता आलेली पाहुणी.

असो. तीन! आज भांडायचं नाही कुणाशी.

१३ जानेवारी

टोपी. जेवताना टोपी, झोपताना टोपी. बायकोने उरलेल्या कापडांच्या इतक्या टोप्या शिवल्यात की दुकान टाकता येईल. न्हाणीघरातल्या आरशावर टॉवेल टाकलेला असतो. मी काढतो, ती टाकते. दाढी चाचपडत करतो.

शाळेत जायला डॉक्टरांची परवानगी आहे. "केस आल्याशिवाय नाही जाणार." विषय संपला. औषधाने गेलेले केस औषध थांबल्यावर येतातच, म्हणे. येतातच म्हणजे कधी? कुणी सांगत नाही.

१८ जानेवारी

बाजारात फेरतपासणी होती. औषधाच्या दुकानाच्या दारात माणसांचं वजन करायचं यंत्र असतं, ते बघितलं. बरोबर निघालं. केमिस्ट जुना ओळखीचा. त्याने पोरीचं विचारलं, मी केसांचं सांगितलं. त्याने फडताळातून डबी काढली. "केसांचं व्हिटॅमिन. माझी बहीण घेते. जावळासारखे दाट आले, साहेब!"

"लहान मुलांना चालतं?"

"व्हिटॅमिन आहे हो. औषध कुठाय? जास्त झालं तर लघवीवाटे जातं."

डॉक्टरीणबाईंनी बजावलंय — विचारल्याशिवाय कसलंही औषध द्यायचं नाही. पण हे औषध नाही. आणि बायकोला सांगावं तर ती खोकल्याच्या गोळीसाठीही दवाखान्यात फोन लावते. मग बाई "थांबा, बघू" म्हणणार, आणि पोर टोपीत कोंडून बसणार.

संध्याकाळी बिट्टीला गॅलरीत नेऊन डबी दाखवली. तिचे डोळे! "आईला नाही सांगायचं?" "नाही." "शप्पथ?" "शप्पथ." डबी कपड्यांच्या चिमट्यांच्या टोपलीत, तळाशी. रोज सकाळी, आई अंघोळीला गेली की.

डबीवर एक लिहिलंय. मी दोन देणार. गेल्या वर्षभरात या पोरीला आनंदाने देता येईल असं काहीतरी पहिल्यांदा हातात आलंय.

२६ जानेवारी

आलं! कानामागे, हात लावला तर मखमलीसारखं. तिने माझं बोट धरून लावायला लावलं. आई आत मशीनवर, आम्ही दोघं गॅलरीत चोरासारखे हसतोय.

१ फेब्रुवारी

अडगळ आवरताना जुना तागडीचा काटा सापडला. भंगारातून आणला होता, बिट्टी पाच वर्षांची असताना. दुकान दुकान खेळायची. मी तिला पढवून ठेवलं होतं — गिऱ्हाईकाने आधी काय बघायचं? "रिकामा काटा!" रिकामा असताना ज्या बाजूला झुकतो, तो पासंग. आधी तो काढायचा, मग माल तोलायचा. सगळ्या पाहुण्यांपुढे घडाघडा म्हणायची. पासंग म्हणता यायचं नाही, "पाशंग" म्हणायची.

आज काढून तिच्या टेबलावर ठेवला. टोपीशिवाय बसली होती. तिची आईसुद्धा नुसती बघत राहिली. म्हणाली, "बघा, आले की नाही आपोआप!"

मी आणि बिट्टीने एकमेकांकडे बघितलं नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी रक्त. रक्त काढणाऱ्या ताई बिट्टीला "काय पार्टनर" म्हणतात. नेहमीसारखा हात पुढे केला, तोंड भिंतीकडे. निघायच्या आधी गोळ्या दिल्या होत्या. एकही दिवस चुकवायचा नाही असं ठरलंय.

दुपारी आकडा — पाच. दहाच्या आत.

"तिनाचे पाच झाले," बायको म्हणाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढं इकडेतिकडे होतंच. मीही तेच सांगितलं. कुठलाही काटा घ्या, शेवटच्या घरात थोडा हलतोच.

घरी येताना रिक्षात बिट्टी खिडकीकडे बघत म्हणाली, "बाबा, पाहुणी परत आलीये."

मी म्हटलं, "आकडा पाच आहे, बिट्टी."

"हो. पण ती आलीये. डावीकडे."

९ फेब्रुवारी

पोट दुखतं का? नाही. मग काय होतं? "काही नाही होत. ती आहे." दाबून बघितलं. मऊ, सपाट पोट. ऑपरेशनची रेघ. तिने माझा हात धरून थोडा खाली सरकवला. "इथे. आता गप्प बसलीये." मी हात काढून घेतला.

१२ फेब्रुवारी

पलंगाची भिंतीकडची अर्धी बाजू ती मोकळी सोडते. एवढीशी पोर, कडेला अंग चोरून झोपते. काल पडली. "मध्ये झोप ना गं!" "जागा लागते तिला."

बायको म्हणाली, सोनोग्राफी करून घ्या. उद्याची वेळ मिळालीये.

१३ फेब्रुवारी

सोनोग्राफी स्वच्छ. काही नाही. डावीकडे काही नाही, उजवीकडे काही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आकडा चांगला, फोटो चांगला. एवढ्या आजारातून गेलेल्या मुलांच्या मनात भीती राहते. समुपदेशकांना दाखवू."

बिट्टी पोटावरचा चिकट लेप पुसत म्हणाली, "त्यांना दिसली नाही. अजून लहान आहे."

सोनोग्राफीवाल्या बाईंचा हात क्षणभर थांबला. मी बघितलं.

१९ फेब्रुवारी

समुपदेशकांनी चित्र काढायला दिलं. बिट्टीने घर काढलं. आई, बाबा, ती. आणि जिन्यात कुणीतरी बसलेलं, पाठमोरं. विचारलं तर म्हणाली, "दार उघडायची वाट बघतेय."

समुपदेशक म्हणाले, नैसर्गिक आहे, वेळ द्या, तिच्या बोलण्याला हसू नका, खतपाणीही घालू नका. हसायला कुणाला येतंय? आता मी जिना चढताना त्या वळणावर भिंतीला चिकटून चढतो. मी! सरकारी माणूस, निम्मं आयुष्य वजनं उचलण्यात गेलेला.

२१ फेब्रुवारी

मालट्रकच्या वजनकाट्यावर तपासणी. भलामोठा काटा, अख्खा ट्रक वर चढतो. ट्रक उतरला, काटा रिकामा, आणि पडद्यावर वीस किलो. पुन्हा शून्य. पुन्हा वीस. काटेवाला म्हणाला, "वारा आहे, साहेब." वारा नव्हता. कागद हलत नव्हता हातातला.

बिट्टीचं वजन अठ्ठावीस.

तिच्याहून लहान असं कोण उभं होतं त्यावर? कसला मूर्खासारखा विचार! फटीतला चिखल काढायला लावला, शून्यावर आणला, सील मारलं. घरी येईपर्यंत मानेवर कुणाचा तरी श्वास असल्यासारखं वाटत होतं.

२४ फेब्रुवारी

बायकोशी भांडण. ती म्हणते, "पोरीचं अंग, पोरीला कळणार नाही तर कुणाला? अहो, पहिल्या वेळीही तीच म्हणत होती पोटात काहीतरी आहे, आणि आपण जंताचं औषध देत बसलो!"

मी म्हटलं, "त्या वेळी आकडा नव्हता. आता आहे. दुकानदार खोटं बोलतो, गिऱ्हाईक खोटं बोलतं. आकडा खोटं बोलत नाही!"

"पोरगी खोटं बोलतेय म्हणायचंय?"

"घाबरलीये म्हणायचंय."

"आणि तुम्ही नाही घाबरलात?"

मी कात्री आपटली. तिचीच, कापड कापायची. टोकच मोडलं.

२५ फेब्रुवारी

कात्रीला टोक लावून आणलं. तिने चहा दिला.

२७ फेब्रुवारी

आज माझ्या हातून व्हायला नको ते झालं.

रात्री तिघं जेवत होतो. बिट्टीने अर्धी पोळी बाजूला काढून ठेवली. मी विचारलं, कुणासाठी? ती म्हणाली, "मला भूक नाहीये. तिला आहे." आणि माझा तोल सुटला. ताट सारलं. ओरडलो — "कुणी नाहीये! ऐकतेस? कुणी नाहीये! पुन्हा तिचं नाव काढलंस तर बाबा तुझ्याशी बोलणार नाही!"

ती माझ्याकडे बघत राहिली. रडली नाही. पोळीचा तुकडा उचलला, पाण्याच्या घोटाबरोबर गिळला. दुसरा गिळला. सगळी पोळी संपवली.

मग म्हणाली, "बरं."

२ मार्च

तेव्हापासून पाहुणीचा शब्द नाही. समुपदेशक खूश. सुधारणा आहे, म्हणाले.

झोपते मात्र कडेलाच.

ती बोलायची तेव्हा निदान कळायचं की पाहुणी कुठाय. आता घरात कुठेही असेल असं वाटतं. केस आल्यापासून बिट्टी शाळेत जातेय. ती घरी आली, दप्तर टाकलं, की मी नकळत तिच्या मागच्या दाराकडे बघतो. दार पटकन लावून घेतो. बायकोने काल मला ते करताना पकडलं.

३ मार्च

केस आता दोन बोटं. कुरळे आलेत, आधी सरळ होते. शाळेत "मेंढी" म्हणतात, त्याचा तिला राग नाही. "टकलीपेक्षा मेंढी बरी."

गोळ्या घेताना हल्ली हसत नाही. हात पुढे करते, घेते, जाते. गोळ्या तेवढ्या आमच्यात उरल्यात, म्हणून मी त्या सोडत नाही.

६ मार्च, गुरुवार

रक्त. आठ. दहाच्या आत!

बायको डॉक्टरीणबाईंसमोर हटून बसली. "तीन, पाच, आठ. चढतोय तो." बाईंनाही ते बघून बरं वाटलं नसावं. म्हणाल्या, मर्यादेत आहे, पण पुढच्या वेळी लवकर करू. बायको उठेना. "पोरगी दमते. वजन उतरलंय. जेवत नाही. तुमच्या आकड्यात सगळं चांगलं असेल, तर वाईट कशात आहे ते शोधा!" बाईंनी मग त्याच रक्तावर आणखी काही तपासण्या लिहून दिल्या. थायरॉइड वगैरे.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, उगाच तमाशा केलास. देवा! काय शब्द वापरला मी.

७ मार्च

लॅबचे डॉक्टर स्वतः फोनवर आले. कधी कुणी लॅबमधून असा फोन करतं? "थायरॉइडचा रिपोर्ट जरा विचित्र आहे. उद्या मुलीला घेऊन भेटाल का? मला तिला नुसतं बघायचंय."

८ मार्च, शनिवार

नीट लिहून काढतो, म्हणजे मलाच कळेल.

लॅब तळघरात आहे. डॉक्टर उंच, वाकलेले, चष्मा कपाळावर. त्यांनी बिट्टीची नाडी बघितली, तिला हात पुढे करायला लावला, बोटं थरथरतात का ते पाहिलं. मग आम्हाला म्हणाले, "कागदावर हिचं थायरॉइड फार वाढलंय. म्हणजे नाडी धावायला हवी, हात कापायला हवेत. ही तर शांत बसलीये. कागद आणि मुलगी जुळत नाहीत." आणि विचारलं, "हिला कसल्या गोळ्या चालू आहेत?"

बायको ताडकन म्हणाली, "काही नाही. खोकल्याची गोळीसुद्धा मी विचारल्याशिवाय देत नाही."

"टॉनिक? व्हिटॅमिन? केसांसाठी काही?"

"नाही म्हटलं ना, डॉक्टर."

बिट्टीने माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग मान खाली घालून चपलेचा पट्टा बघत बसली. शप्पथ घातली होती ना मी! पोर ती पाळत होती. तिच्या जिवाशी गाठ होती, आणि ती माझी शप्पथ पाळत होती.

मी म्हटलं, "मी देतो. केसांच्या. रोज दोन."

"रक्त द्यायच्या दिवशीही?"

"निघायच्या आधी."

डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "या गोळ्यांत जे जीवनसत्त्व असतं ना, तेच आमच्या तपासणीच्या रसायनातही असतं. हुकासारखं काम करतं, जे शोधायचं ते पकडून ठेवतं. रक्तातच ते मुबलक असलं, की पकडायची जागा आधीच भरून जाते. शोधायचं ते निसटून जातं. मग आकडा खोटाच कमी येतो. थायरॉइडच्या एका तपासणीची रीत उलटी आहे, म्हणून तिथे खोटाच जास्त आला. त्यावरून तर मला शंका आली."

मी विचारलं, "म्हणजे यंत्र बिघडलेलं नाही?"

"यंत्र चोख आहे."

चोखच असणार. काटा चोख होता. पारड्यात बोट माझं होतं. जन्मभर दुकानदारांची बोटं पकडली, पारड्याखालचे लोहचुंबक काढले, दंड ठोकले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आणि ती पाच वर्षांची असताना मी तिला काय शिकवत होतो? आधी रिकामा काटा बघ.

बायकोने विचारलं, "म्हणजे आठ हा आठ नाही?"

"नसेल. तीन खरा होता, तेव्हा गोळ्या नव्हत्या. पाच आणि आठ, माहीत नाही. आठवडाभर गोळ्या बंद ठेवा. मग पुन्हा रक्त घेऊ. कदाचित आठच निघेल."

कदाचित. ते बोलताना तेही बिट्टीकडे बघत नव्हते.

उठताना त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "छान आलेत केस. हे येणारच होते, बरं का. गोळ्यांची गरज नव्हती."

येणारच होते.

घरी आल्यावर बिट्टी गॅलरीत गेली, चिमट्यांची टोपली आणून आईसमोर ठेवली, डबी काढून दिली. "बाबाला ओरडू नकोस. मीच मागितल्या होत्या." तिने मागितल्या नव्हत्या!

बायको ओरडली नाही. डबी फिरवून फिरवून बघत होती. मग म्हणाली, "मला सांगितलं असतं, तर मी काय केलं असतं? विचारलं असतं. नुसतं विचारलं असतं."

१० मार्च

बिट्टीला म्हटलं, "पाहुणी आहे का अजून?" विचारायला तोंड नव्हतं, तरी विचारलं.

ती म्हणाली, "तू बोलणार नाहीस ना मग माझ्याशी?"

तिच्यापुढे खाली बसलो. म्हटलं, बाबा चुकला. तू सांग, मी ऐकतो. तिने बराच वेळ माझा चेहरा न्याहाळला, खरं बोलतोय का ते बघत असावी. मग माझा हात घेतला, पोटावर डावीकडे ठेवला. या वेळी मी काढून घेतला नाही. काही लागलं नाही हाताला. तरी ठेवून बसलो.

११ मार्च

बाजारात त्या केमिस्टच्या दुकानापुढून गेलो. त्याने हात केला. "साहेब, आले का केस?" म्हटलं, आले.

त्याला काय बोलू? विचारून घ्या असं डॉक्टर म्हणाले होते ते मला. त्याला नाही.

१३ मार्च

देवाकडे काय मागावं तेच कळत नाही. आठच निघू दे म्हणावं, तर पोरगी खोटी ठरते आणि जन्मभर स्वतःवर विश्वास ठेवायची नाही. पण मला आठच हवाय! ठरू दे खोटी, माझ्यावर रुसू दे, वेडी म्हणू दे सगळ्यांना. आठ येऊ दे.

बायको माझ्याशी बोलते. जेवायला वाढते, मोजे कुठेत ते सांगते. रात्रीची भांडी मी घासतो, ती नको म्हणत नाही. पूर्वी म्हणायची.

१५ मार्च, शनिवार

रक्त दिलं. काही न घेता, नुसतं पाणी पिऊन. ताई म्हणाल्या, "काय पार्टनर, आज इतक्या लवकर परत?" बिट्टीने आज तोंड भिंतीकडे केलं नाही. नळीत रक्त चढताना शेवटपर्यंत बघत होती.

लॅबचे डॉक्टर मुद्दाम वर आले. नळी स्वतः घेऊन गेले. सोमवारी, म्हणाले.

१६ मार्च

काही नाही. तिघं घरात. मशीनही बंद.

बिट्टीने तागडीचा काटा काढला, दोन्ही पारडी पुसली, रिकामा धरला. उजवीकडे जरा झुकत होता. तिने डावीकडे शर्टचं एक बटण टाकलं. सरळ झाला. "पाशंग," म्हणाली. मला हसवायचं होतं तिला. हसलो. आत जाऊन तोंड धुतलं.

१७ मार्च, सोमवार

एकाहत्तर.

आईने तिला जवळ घेऊन सांगितलं. बिट्टीने दोनदा विचारलं, नक्की ना? मग म्हणाली, "म्हणजे मी खरंच सांगत होते." आणि हसली! कितीतरी दिवसांनी हसली. उद्या भरती, पुन्हा केमो, पुन्हा केस जाणार, तेही तिला सांगितलं. "जाऊ देत."

आत्ता दुपारी झोपलीये. डोकावून आलो. पलंगाच्या मधोमध, हातपाय पसरून, भिंतीपर्यंत.